कातळावरची हापूस कलमं चैत्रात का वाळतात? मुळांबद्दल जाणकारांनी लिहावं

सड्यावरचा

नमस्कार मंडळी. राजापूर तालुक्यात सड्यावर आमची थोडी जमीन आहे, बहुतेक कातळच. ब्रेकर लावून मीटरभर लांब-रुंद-खोल खड्डे मारले, खालच्या मळ्यातली माती आणि शेणखत भरलं आणि मृगात हापूसची कलमं लावली. पावसात पालवी जोरात फुटली, दिवाळीपर्यंत कलमं बघत राहावीत अशी होती. शिमगा झाला की पानं मलूल होतात, कडा करपतात आणि चैत्र-वैशाखात काही कलमं उभीच्या उभी वाळतात. ठिबक रोज चालू असते, त्यामुळे पाण्याची हयगय नाही.

वाळलेलं एक कलम उपटलं, फार जोर लावावा लागला नाही. वरच्या वीतभर मातीत बारीक मुळांचा गुंता होता. त्याखालची मुळं काळी पडलेली, ओढली की साल सुटून हातात येते आणि आत दोऱ्याएवढा गाभा उरतो. वासही कुबट.

गावात कोणी म्हणतं ऊन बाधलं, कोणी म्हणतं पाणी वाढव. पुन्हा खर्च करण्याआधी मला समजून घ्यायचं आहे की जमिनीखाली नेमकं काय चालतं. मुळं कुठे जायचं ते कशावरून ठरवतात? कातळ लागला की थांबतात का?

बांदेकरीण

पाणी वाढवच्या आधी एक सांगा. आषाढात खड्ड्यात पाणी रवता काय? ता आधी बघा.

सड्यावरचा

हो, साचतं. पाऊस उघडला तरी तीन-चार दिवस बुंध्याशी चिखल असतो. पण ते आषाढातलं झालं. कलमं वाळतात चैत्रात.

मृद्गंध

बांदेकरीण ताईंनी नेमकं तेच विचारलं आहे. तुमची कलमं चैत्रात वाळताना दिसतात, पण ती मरायला लागतात आषाढात. जरा सविस्तर लिहितो.

मुळाचं वाढणारं टोक म्हणजे शेवटचे काही मिलिमीटर. अगदी पुढे मूलटोपी असते. तिच्या पेशी मातीत घासून झडत राहतात, बुळबुळीत स्राव सोडतात आणि त्यामुळे टोकाला पुढे सरकता येतं. टोपीच्या मागे पेशी विभागतात, त्याच्या मागे त्या लांब होतात आणि टोकाला पुढे ढकलतात. त्याहून मागे मूलरोम येतात. एकेक मूलरोम म्हणजे एकाच पेशीचा लांबलेला भाग, आयुष्य फार तर काही दिवसांचं, पण पाणी आणि क्षार शोषण्याचा पृष्ठभाग वाढतो तो त्यांच्यामुळे. १९३७ साली राय या धान्याच्या एकाच रोपाची मुळं धुऊन मोजली गेली होती. चार महिन्यांच्या त्या एका रोपाच्या मुळांची एकूण लांबी ६०० किलोमीटरच्या वर आणि मूलरोम सुमारे १४ अब्ज भरले होते.

आता दिशेबद्दल. टोपीतल्या मधल्या पेशींत पिष्टाचे जड कण असतात. मूळ आडवं झालं की ते कण खालच्या बाजूला बसतात आणि ऑक्सिन हे संप्रेरक त्या बाजूला जास्त जमतं. मुळात जादा ऑक्सिनने वाढ मंदावते. खालची बाजू हळू वाढते, वरची भराभर, म्हणून टोक खाली वळतं. मुळाला हे सगळं टोकाशी कळतं, हे चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० मध्येच दाखवलं होतं. टोक कापलं तर मुळाला खाली कुठे आहे ते समजत नाही.

गुरुत्वाकर्षण ही फक्त एक खूण झाली. टोक ओल ओळखतं, मीठ ओळखतं, दगड लागला की बाजूने सरकतं. उपमुळं कुठे फुटायची हेही ओलीवरून ठरतं. एकाच मुळाच्या एका अंगाला ओली माती आणि दुसऱ्या अंगाला हवेची पोकळी असेल तर उपमुळं ओल्या अंगाला फुटतात, असं २०१४ च्या संशोधनात दिसलं. म्हणजे खाली जाणं, फाटे फोडणं, थांबणं हे सगळं मूळ जागेवर जे सापडेल त्याप्रमाणे करतं. बी किंवा कलम सारखंच असलं तरी दोन खड्ड्यांतली मुळं सारखी होत नाहीत.

आता तुमचा खड्डा. अखंड कातळात खोदलेला खड्डा म्हणजे गुरांना पाणी पाजायची दगडी डोणी. बाजूने पाझर नाही, तळाला फट नाही. कोकणात चार महिन्यांत ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तो या डोणीत भरतो आणि मातीतल्या पोकळ्यांमधली हवा बाहेर काढतो. मुळं जिवंत असतात, त्यांना श्वासाला प्राणवायू लागतो. हवेतून प्राणवायू जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजार पट हळू तो पाण्यातून पसरतो. भिजलेल्या मातीत मुळं आणि जंतू मिळून आहे तो प्राणवायू लवकर संपवतात. मग पेशीला साखरेच्या एका रेणूतून तीसच्या आसपास एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) मिळायचे तिथे दोनच मिळतात. वाढणाऱ्या टोकाला सगळ्यात जास्त ऊर्जा लागते, म्हणून ते सगळ्यात आधी मरतं. मेलेल्या मुळावर बुरशी चढते. साल सुटून आत दोरा राहतो असं तुम्ही लिहिलंत, तो हाच प्रकार.

वर मात्र पालवी हिरवीगार, कारण पावसाळ्यात हवा दमट, पानांतून पाणी फार उडत नाही. वीतभर मातीतल्या मुळांवर झाड भागवून नेतं. चैत्रात कातळ तापतो, पानांची मागणी वाढते आणि खाली मुळंच नसतात.

पाचोळा

वाचतोय. धागा वाचनखूणेत ठेवला.

खारेपाट

फार चांगलं लिहिलंय मृद्गंध. पण माझी शंका आहे. आमचं पेण-अलिबागकडचं भात. लावणीपासून कापणीच्या आधीपर्यंत मुळं पाण्यातच असतात. चिखलणी करून आम्ही मुद्दाम मातीतली हवा घालवतो. मग भात का मरत नाही?

आणि आमच्याकडे नुसतं पाणी नाही, खारं पाणी. उधाणाला बांधाला खांड गेली की खाचरात खाडी शिरते. उघाडीची, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दाराची, झडप नीट बसली नाही तरी तेच. मग दोन-तीन पावसाळे मीठ धुऊन निघेपर्यंत पीक धड येत नाही. आमचे आजोबा अशा खाचरात राता भात टाकायचे, लाल तांदळाचा. तो उभा राहायचा, दुसरा कुठलाही जळायचा.

मृद्गंध

@खारेपाट, शंका अगदी योग्य. भात स्वतःची हवा बरोबर नेतो. मुळाच्या सालीतल्या काही पेशी ठरवून मरतात आणि त्यांच्या जागी लांबट पोकळ्या तयार होतात. पानांपासून मुळाच्या टोकापर्यंत हवेची सलग वाट होते. शिवाय पाणथळ जमिनीत भाताचं मूळ बाहेरच्या बाजूला सुबेरिन या मेणचट द्रव्याचं अस्तर चढवतं, म्हणजे वाटेत प्राणवायू गळून न जाता टोकापर्यंत पोचतो. खाचरातून रोप उपटून धुतलंत तर मुळांवर तांबूस थर दिसेल. मुळातून थोडा प्राणवायू बाहेर येतो आणि मातीतलं विरघळलेलं लोह तिथे गंजून बसतं. मुळावरचा तो तांबडा रंग म्हणजे मूळ श्वास घेत असल्याची खूण.

या पोकळ्या करायचा निरोप देतो तो इथिलिन वायू. एरवी तो मुळातून बाहेर पडून मातीत पसरून जातो. पाण्यात त्याला बाहेर जाता येत नाही, मुळातच साठतो आणि त्यावरून मुळाला कळतं की आपण बुडालो आहोत. भात त्यावर पोकळ्या करतो. आंब्याकडे भाताइतकी तयारी नाही. त्याला काही दिवसांचं पाणी चालतं, खोडाच्या सालीवर फुगीर श्वासरंध्रंही येतात, पण सगळा आषाढ डोणीत काढणं त्याला झेपत नाही.

याच इथिलिनबद्दल एक महत्त्वाची गोष्ट २०२१ मध्ये पुढे आली. घट्ट दाबल्या गेलेल्या मातीत मुळं थांबतात, ती माती टणक असते म्हणून, असंच सगळे मानत होते. पण इथिलिनचा निरोप न ऐकणारी भाताची रोपं त्याच घट्ट मातीत खोल गेली. म्हणजे टोकाला जोर कमी पडत नव्हता. मातीत पोकळ्या नसल्याने इथिलिन टोकाभोवती कोंडत होता आणि मूळ स्वतःहून थांबत होतं. सड्यावरच्या या धाग्याला हे फार लागू आहे. खड्ड्यात चिकण माती भरून पायाने तुडवली की पाऊस नसतानाही मूळ तेच करणार.

मिठाचं वेगळं. खाऱ्या पाण्यात पाणी असूनही मुळाला ते ओढता येत नाही आणि सोडियम आत शिरला की पानं जळतात. भात तसा नाजूकच, मातीच्या अर्काची विद्युतवाहकता (खारेपणाचं माप) ३ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की उत्पन्न घटायला लागतं. मुळाच्या आत एक थर असतो, त्याच्या पेशींच्या भिंतींना पाणी झिरपू न देणारा पट्टा असतो. पाणी असो की क्षार, त्या पट्ट्यामुळे सगळ्यांना पेशीच्या आतूनच जावं लागतं, भिंतींमधून चोरवाट मिळत नाही. मीठ अडतं ते मुख्यतः तिथे. सोसणाऱ्या जाती वर चढलेला सोडियमही मुळातच परत खेचून घेतात. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रातून पनवेल-१, २ आणि ३ या जाती आल्या त्या तुमच्यासारख्या खाचरांसाठीच. राता ही त्यांच्याही आधीची, शेतकऱ्यांनी निवडून जपलेली. बियाणं अजून कोणाकडे असेल तर कृपया सोडू नका.

चिपीचं_झाड

मुळांच्या श्वासाचा विषय निघालाच आहे तर खाडीकाठ विसरून चालणार नाही. तिवर, चिपी, कांदळ ही तिथली कांदळवनातली झाडं. ओहोटीला तिवरांखाली चिखलातून बोटभर उंचीची हजारो टोकं वर आलेली दिसतात, ती मुळंच. वरच्या रंध्रांतून हवा आत जाते आणि खालच्या सडक्या चिखलातल्या मुळांना पोचते. चिपीची टोकं त्याहून जाड आणि शंकूसारखी. पांढऱ्या चिपीला महाराष्ट्राने २०२० मध्ये राज्य कांदळवन वृक्ष म्हणून जाहीर केलं. कांदळाची तऱ्हा वेगळी, खोडातून कमानीसारखी मुळं निघून चिखलात रुततात, त्यामुळे झाड उभंही राहतं आणि हवाही घेतं. कांदळ बहुतेक मीठ मुळाशीच अडवतो. तिवरही बरंचसं मुळाशीच अडवतो, पण जे आत येतं ते पानांवाटे टाकतो, पान चाटून बघा.

गोड्या पाण्यातही हा प्रकार आहे. दोडामार्ग तालुक्यात बांबर्डे इथे जायफळाच्या कुळातल्या झाडांची दलदल आहे, देवराईमुळे राहिलेली. अशा दलदलीत मुळं गुडघ्यासारखी वाकून पाण्याबाहेर डोकावतात. कुळं वेगळी, पाणी वेगळं, अडचण एकच.

अवांतर वाटेल, पण सड्यावरच श्रावण-भाद्रपदात फुलणारी सीतेची आसवं आठवा. त्या वनस्पतीला खरी मुळंच नाहीत. ओल्या मातीत बारीक पिशव्या असतात आणि त्यांत सूक्ष्म जीव पकडून ती पोषण मिळवते. पाऊस संपला की तीही संपते, बी मागे ठेवून. सडा पावसात तळं आणि उन्हात तवा असतो. तिथे मूळचं जे जगतं त्याने या दोन्हींचा विचार केलेला असतो. आपण आंबा नेऊन लावतो तेव्हा तो विचार आपल्याला करावा लागणार.

कलमवाला_वेंगुर्ला

मी कलमं बांधतो, म्हणून एक बाजू मांडतो. कोय कलम पिशवीत जास्त दिवस राहिलं की कोयीचं सोटमूळ तळाला टेकतं आणि गोल फिरायला लागतं. ते तसंच खड्ड्यात गेलं तर पुढेही गोलच फिरतं, वर्षं गेली तरी सरळ होत नाही. वाऱ्यात झाड डुलायला लागतं, हाताने हलवलं तरी बुंधा मुळापाशी फिरतो. @सड्यावरचा, तुमचं कलम सहज उपटलं म्हणालात, म्हणून लिहितो.

घेताना पिशवीच्या तळातून मुळं बाहेर आलेली आहेत का बघा. एका पावसाळ्याचं, मध्यम उंचीचं कलम घ्या, मोठ्या झाडाच्या मोहात पडू नका. लावताना पिशवी पूर्ण काढा, तळाचं वेटोळं धारदार चाकूने कापून टाका. टोक कापल्यावर मागून चार नवी फुटतात.

शक्य असेल तिथे सगळ्यात चांगलं म्हणजे खड्ड्यातच कोय रुजवा आणि जागेवर कलम बांधा. सोटमुळाला सुरुवातीपासून स्वतःची वाट मिळते, जांभ्यातल्या भोकांतून, भेगांतून ते शिरतं. माझ्या पाहण्यात उन्हाळा काढतात ती ही झाडं. गिऱ्हाईक थांबायला तयार नसतं, हे दुःख आहे.

सड्यावरचा

सगळ्यांचे मनापासून आभार. वेटोळं होतं, आता आठवून लक्षात येतंय. ठिबकबद्दल कोणी लिहा. रोज दोन तास चालवतो ते बरोबर आहे का? आणि जी कलमं अजून उभी आहेत त्यांचं काय करू?

मृद्गंध

रोज थोडं पाणी दिलं की वरची वीतभर माती ओली राहते, मुळं तिथेच फाटे फोडतात. खाली जायचं कारणच उरत नाही. मग वीज दोन दिवस गेली की तीच माती आधी वाळते. मोठ्या कलमांना पाळी लांबवा, एका पाळीला जास्त पाणी द्या म्हणजे ओल तळापर्यंत उतरेल, आणि तोट्या दरवर्षी बुंध्यापासून थोड्या लांब सरकवा. माती वाळू लागली की मुळात आब्सिसिक आम्ल हे संप्रेरक तयार होतं. ते पानांची रंध्रं मिटवतं आणि मुळाची वाढ मात्र चालू ठेवायला मदत करतं. झाडाला हा हलका ताण मिळायला हवा.

भातात तर खोल जाण्याचा कोन ठरवणारं जनुकच सापडलं आहे. २०१३ मध्ये फिलिपिन्समधल्या एका वरकस भाताचं ते जनुक उथळ मुळांच्या आयआर-६४ या भाताच्या जातीत आणलं, तेव्हा मुळं जास्त उभी गेली आणि दुष्काळात दाणा टिकला.

आगरातली

थांबा, इथे माझं मत वेगळं आहे. पहिल्या उन्हाळ्यातल्या कलमाची पाळी लांबवली तर ते मरेल. कातळात ओल शोधायला मूळ जाणार कुठे? तळाला दगडच आहे. पाळी लांबवायची ती माती खोल असेल तिथे. मी श्रीवर्धनची, आमची जमीन वाळूमिश्रित, तिथेही पहिलं वर्ष आम्ही पाण्यात खंड पडू देत नाही.

मृद्गंध

मान्य, आणि सांगितलंत ते बरं झालं. पहिल्या उन्हाळ्यात खंड नको. दुसऱ्या वर्षापासून हळूहळू पाळी लांबवा, तीही खड्ड्याला भेग किंवा निचरा असेल तरच. बंद खड्ड्यात मूळ खाली पाठवून उपयोग नाही, पुढच्या आषाढात ते पुन्हा कुजणार. पहिलं काम निचऱ्याचंच.

आगरातली

आता माझा प्रश्न. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या श्रीवर्धन-दिवेआगरवरूनच आत शिरलं. पोफळी तर आडव्या झाल्याच, पण काही माड अर्धवट कलले आणि जगले. त्यांच्या बुंध्याची एका बाजूची मुळं उघडी पडली होती. आम्ही माती चढवली. आता त्या माडांना फळ येतं, पण वारा सुटला की पोटात गोळा येतो. माडाची मुळं पुन्हा तशीच धरतात का?

मृद्गंध

माडाचं मूळ आंब्यासारखं नाही. सोटमूळ नाही, मूलरोमही नाहीत. बुंध्याच्या तळातून बोटाएवढी जाड हजारो मुळं निघतात आणि ती जाडीने पुढे वाढत नाहीत. जुनं मूळ दुखावलं तर ते भरून येण्यापेक्षा बुंध्यातून नवीन मुळं फुटतात. म्हणून माती चढवलीत ते अगदी योग्य केलंत, उघड्या तळाला ओली माती लागली की तिथूनच नवी मुळं निघतात. बहुतेक खाणारी मुळं बुंध्यापासून दोन मीटरच्या आत असतात, त्या वर्तुळात खोल नांगर किंवा चर घेऊ नका. वाऱ्याला तोंड देताना वाऱ्याकडच्या बाजूची मुळं ओढली जातात, त्यामुळे ज्या बाजूने ती तुटली होती त्या बाजूला माती आणि पाचोळा दरवर्षी चढवत राहा.

आंब्याच्या कलमालाही हे लागू आहे. काठीला करकचून बांधू नका. डुलण्यानेच मुळांना जाड व्हायचा इशारा मिळतो. कलमाचा जोड सांभाळण्यापुरता सैल आधार पुरे.

बांदेकरीण

@सड्यावरचा, आमच्याकडे सड्यावर लावताना उताराच्या बाजूने खड्ड्याच्या तळापर्यंत छिन्नीने चर काढतत. पाणी आपसूक भायर जाता. सपाट कातळ असलो तर खड्डो खणूचोच नाय, चिऱ्यांचा गोल गडगा रचून वर माती भरूची, आंबो उंचार लावूचो.

कलमवाला_वेंगुर्ला

+१. आणि जोराचा पाऊस ओसरल्यावर, भाद्रपदात लावा. मृगातच लावायला हवं असं नाही.

सड्यावरचा

आमचा कातळ उताराचा आहे, चर निघेल. उरलेल्या कलमांना आत्ताच चर काढू की पावसानंतर?

मृद्गंध

पावसाआधीच काढा, पण वैशाखात झाड तहानलेलं असताना ब्रेकरने हादरवू नका, छिन्नी-पहारीने काढा. उताराच्या एकाच बाजूने, खड्ड्याची भिंत फोडून तळापर्यंत, हाताच्या रुंदीचा. माती वाहून जाऊ नये म्हणून चराच्या तोंडाशी जांभ्याचे तुकडे भरा. मग एका खड्ड्यात पिंपभर पाणी ओतून बघा. सकाळी ओतलेलं संध्याकाळपर्यंत चरातून निघून गेलं तर बाकीचे खड्डे तसेच करा. पाणी तसंच राहिलं तर चर अजून खाली न्यावा लागेल. बुंध्याशी पाचोळ्याचा जाड थर द्या, खोडाला मात्र चिकटवू नका. काळी पडलेली मुळं हात घालून शोधत बसू नका, वर वीतभर जिवंत मुळं आहेत ती तुटतील.

सड्यावरचा

या आठवड्यात पहिल्या खड्ड्याला चर मारतो. पाणी किती वेळात उतरतं ते इथेच लिहीन.